धुराचं गोंदण

सरकारी कागदोपत्री त्या यंत्राचं नाव ‘आयुर्साक्षी’ होतं, पण जिल्ह्यातल्या बायका त्याला चोंबडी म्हणायच्या. “चोंबडीकडं जाऊन आलीस का? काय म्हणाली?” हे एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या पायरीवर, अगदी हळदीकुंकवातसुद्धा ऐकू यायचं. डॉ. हेमलता शेटेला हे नाव फार पटलेलं होतं. दुसऱ्याच्या घरातलं उकरून काढायचं आणि चारचौघांत सांगायचं, हेच तर त्या यंत्राचं काम. आणि या चोंबडीला जन्म देणाऱ्यांत आपणही आहोत, हे हेमलता कधी नाकारत नसे. उलट भाषणांत हसत हसत सांगायची.

त्या दिवशी मात्र चोंबडीनं उकरलेलं घर तिचं स्वतःचं माहेर निघालं.

समोर स्टुलावर तिची थोरली बहीण सिंधू बसली होती. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पायांतल्या चपला दाराबाहेर काढून आलेली. तिचा आवाज दिवाळीपासून बसला होता. “आंबट खाल्लं असंल,” म्हणत तिनं तो कित्येक महिने काढलेसुद्धा. शेवटी सून सारिकानं तिला जवळजवळ उचलून संस्थेत आणलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली. गाठीचा कणभर तुकडा चोंबडीच्या पोटात गेला आणि आता पडद्यावर निकाल होता. भाजलेली तंबाखू, सत्तर टक्क्यांच्या वर. स्ववाटा, म्हणजे रोग्याचा स्वतःचा दोष, निम्म्याहून जास्त. रांग ब.

“तंबाखू?” सारिका म्हणाली. “मावशी, काहीतरी घोळ आहे. आत्यांना तर पानात चुना जास्त झाला तरी चालत नाही.” सासूला ती आत्या म्हणायची.

“मी आयुष्यात तंबाखू तोंडात घातली न्हाई,” सिंधू घोगऱ्या आवाजात म्हणाली. “हेमे, तुला तर म्हाईत हाय.”

हेमलतानं पडद्याकडे पाहिलं, मग बहिणीच्या दातांकडे. तिची तिलाच लाज वाटली, पण नजर गेली खरी. तीस वर्षांची सवय.

“आक्का,” ती शांतपणे म्हणाली, “चहाआधी लागायची, की चहानंतर?”

सिंधूनं तिच्याकडे पाहिलं. कानफटात बसल्यासारखं. मग ती उठली, बाहेर जाऊन चपला घातल्या आणि लिफ्ट सोडून जिन्यानं खाली गेली. सारिका पर्स, फाईल, पाण्याची बाटली गोळा करत मागून धावली. दारात थांबून म्हणाली, “मावशी, हा प्रश्न तुम्ही रानातल्या बायकांना विचारता ना? मला माहीत आहे. आत्यांनीच सांगितलं होतं कौतुकानं.”

*

प्रश्न हेमलताचाच होता. तरुणपणी जीपमधून गावोगाव हिंडताना तिच्या लक्षात आलं की बाईला “मिसरी लावता का?” असं विचारलं की ती “न्हाई बाई” म्हणून मोकळी होते. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, कुटायची, चाळायची आणि ती पूड सकाळी दातांना घासत बसायचं, हा बायकांचा सगळ्यात जुना विरंगुळा. पण डॉक्टरीणबाईपुढे कोण कबूल करणार? मग हेमलतानं ‘लावता का’ हे विचारणंच सोडलं. थेट “चहाआधी लागते की नंतर?” बाई हसायची, तोंडाला पदर लावायची आणि सांगून टाकायची. “चहाच्या आधी वो. त्याबिगर पोट साफ हुईत न्हाई.” त्या एका प्रश्नानं हेमलताला नाव मिळालं. परिषदांमधून गोरे लोकसुद्धा त्यावर हसले आणि नंतर त्यांनी आपापल्या देशात तसलेच प्रश्न तयार केले.

बायकांच्या बोलण्याबरोबर ती त्यांची लाळही बाटलीत घेऊन यायची. पुढे त्या लाळेचं सोनं झालं.

झालं असं. आपल्या प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. पेशीच्या दोन पेशी होताना हा मजकूर उतरवून घेतला जातो आणि उतरवताना चुका राहतात. मौजेची गोष्ट अशी की प्रत्येक विषाची चूक करायची तऱ्हा निराळी. उन्हानं पोळलेल्या कातडीत एका धाटणीच्या चुका, बुरसटलेल्या शेंगदाण्यानं यकृतात दुसऱ्या, धुरानं घशात आणि फुफ्फुसात तिसऱ्या. हेमलता याला गोंदण म्हणायची. बाई विसरेल, खोटं बोलेल, पण पेशीवरचं गोंदण पुसत नाही.

नुसतं गोंदण दिसून भागत नाही. ते कुणी गोंदलं हे सांगायला कोश लागतो, म्हणजे या नक्षीचा अर्थ अमुक, त्या नक्षीचा तमुक. हेमलताच्या हजारो बायकांची लाळ आणि त्यांचं बोलणं शेजारी शेजारी ठेवून असा कोश तयार झाला. तो यंत्रात घातला आणि यंत्र बोलायला लागलं. भाजलेल्या तंबाखूचं गोंदण कच्च्या तंबाखूपेक्षा वेगळं असतं, हे तर चोंबडी डोळे मिटून सांगायची.

याच सुमारास नवा उपचार आला. रोग्याच्या रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना गाठ ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. माणसं खरोखर उठून घरी जायला लागली. पण अशा पेशी थोड्यांसाठीच तयार होत. कुणाला आधी द्यायच्या? समिती बसली. हेमलताही तीत होती. ज्यांनी रोग स्वतःच्या हातानं ओढवून घेतला त्यांनी जरा मागं, ब रांगेत थांबावं, असं ठरलं, आणि हात वर करणाऱ्यांत तिचा हात होता. तिला वाटलं, निदान या धाकानं तरी तंबाखू सुटेल. सुटलीही. दुकानातून मिसरीच्या पुड्या गेल्या, गावोगावचे आकडे घसरले. हेमलताला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि एक भलीमोठी समई मिळाली. ती ठेवायला घरात जागा नव्हती.

ब रांगेतली माणसं जुन्या औषधांवर वाट पाहायची. नंबर येईस्तोवर बहुतेकांना त्याची गरज उरत नसे.

*

रविवारी ती निंबगावला गेली. मनाशी घोकत होती की रागावायचं नाही, आक्काच्या तोंडून फक्त खरं काढायचं. मग पुढचं बघता येईल.

सिंधूच्या घराची आणि शेजारच्या कौसाच्या घराची भिंत एकच. हेमलता गाडीतून उतरली आणि जागच्या जागी थांबली. भर उन्हात कौसाचं दार लावलेलं, खिडकीला गोणपाट, आणि दाराच्या फटीतून तो वास. कडू, गोडसर, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा. तिला ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं.

“कौसा भाजतिया,” दारात उभ्या सिंधूनं सांगितलं. राग होता, पण आधी पाणी पुढं केलं. “दुकानात मिळंना झाली तवापास्नं घरोघर सुरू झालंय. तुझ्या माणसांना वास जाऊ न्हाई म्हणून दारं लावून भाजत्यात.”

“कौसा मिसरी लावते?”

“ती कशाला लावती? तिच्या सासूला लागती. म्हातारी चुलीपुढं बसंल व्हय?”

हेमलता पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.

“आक्का, तू भाजायचीस?”

“मग कोण भाजनार?” सिंधूनं इतक्या सहज म्हटलं की जणू पोळ्या कोण लाटायचं असं कुणी विचारलं होतं. “आईला लागायची. मी परकरात होते तवापास्नं भाजत आले. हिकडं आले तर सासूला. माझा हात बसलेला, जळू द्यायची न्हाई की कच्ची ठेवायची न्हाई. गल्लीतल्या बायका डबं घेऊन यायच्या, सिंधूच्या हातची पायजे म्हणून.” तिच्या घोगऱ्या आवाजात अभिमान होता आणि तो तिनं लपवला नाही. “एवढी शिकलीस, आईची मिसरी काय आभाळातनं पडायची व्हय गं?”

“मला कधी कसं दिसलं नाही?”

“दिसंल कसं? तुला ठसका लागायचा. आई म्हणायची, हेमीला पुस्तक घेऊन भाईर बसव. मग मी तुला लिंबाखाली बसवून यायची आन तवा ठेवायची.”

तो लिंब हेमलताला लख्ख आठवला. मांडीवर भूगोलाचं पुस्तक आणि माळवदाच्या भोकातून वर जाणारा निळसर धूर. धुराकडे बघत बघत तिनं नद्यांची नावं पाठ केली होती. त्या धुराखाली कोण बसलंय, हे मात्र कुठल्याच परीक्षेत आलं नाही.

हजारो बायकांना तिनं विचारलं होतं, कधी लावता, किती लावता, कितव्या वर्षी लागली. भाजतं कोण, हे एकदाही विचारलं नाही. लावणाऱ्या बहुतेकजणी स्वतःची स्वतः भाजणाऱ्या असणार. त्यामुळे पूड आणि धूर यांची एकच नक्षी कोशात ‘स्वतः लावली’ या अर्थानं जाऊन बसली. आणि नुसतं भाजणाऱ्या? त्या तर “आम्ही न्हाई लावत” म्हणायच्या, खरंच म्हणायच्या, आणि हेमलता कार्यकर्त्यांना सांगायची, अशा ठामपणे नाही म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. त्यांची लाळ तंबाखू दाखवत असेल तर त्यांना लावणाऱ्यांतच धरा.

“आक्का, माझं चुकलं,” ती म्हणाली.

“चहाआधी घेतीस का नंतर?” सिंधूनं विचारलं आणि तोंडाला पदर लावून हसली. हसताना तिला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

*

यंत्राची देखभाल डॉ. इरफान मुजावरकडे होती. हेमलताचा जुना विद्यार्थी, आता केसांत पांढरं डोकावलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, निंबगावसारख्या दहाबारा गावांच्या लाळेचे नमुने परत यंत्रातून काढले आणि दोन दिवसांनी दार लोटून तिच्यापुढं बसला.

“मॅडम, तुम्ही म्हणता तेच आहे. धूर घेतलेली आणि पूड लावलेली यांच्या गोंदणात फरक नाही. यंत्राला फक्त विष कळतं. ते घशात कुणाच्या सांगण्यावरून गेलं, हे त्याला कसं कळणार?”

“म्हणजे ब रांगेत आक्कासारख्या बायका आहेत.”

“भरपूर असतील. घरोघरच्या सुना आहेत, मॅडम.”

“दुरुस्त कसं करायचं?”

“कोश मोडीत काढायचा. तुम्ही समितीला लेखी कळवायचं की कोश सदोष आहे. मग रांगा थांबतील, पुन्हा गावोगाव जाऊन विचारावं लागेल, भाजतं कोण. निदान वर्ष, दीड वर्ष.” तो जरा घुटमळला. “सिंधूमावशींना तेवढा वेळ आहे का?”

नव्हता. संक्रांत दिसली तर नशीब, असं घशाच्या डॉक्टरांनी सांगितलेलं.

“दुसरी वाटही आहे,” मुजावर म्हणाला. “कोशाची प्रमुख म्हणून तुम्हाला प्रत्यक्ष माहितीवरून एखाद्या रोग्याची यंत्रानं लिहिलेली जीवनकथा दुरुस्त करता येते. नियमात आहे. आजवर तुम्ही तो अधिकार वापरलेला नाही. पडद्यावर अंगठा ठेवलात की मावशी उद्या अ रांगेत.”

“आणि त्यानंतर कोशाचं कळवलं तर?”

मुजावरनं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. “मॅडम, आधी स्वतःच्या बहिणीला पुढं काढायचं आणि मग म्हणायचं यंत्रच चुकतंय. तुमच्या तोंडून ते कोण ऐकेल? समितीला तर न ऐकायला निमित्तच हवंय. आणि आधी कळवलंत, तर रांगच थांबेल. मग अंगठा ठेवून उपयोग नाही.”

म्हणजे एकच काहीतरी होणार होतं. आक्का, नाहीतर सगळ्या कौसा.

संध्याकाळी तिनं निंबगावला फोन लावला आणि बहिणीला सगळं सांगितलं, काही हातचं न ठेवता. पलीकडून सारिकानं भांडी लावल्याचा आवाज तेवढा येत होता.

“हेमे,” सिंधू शेवटी म्हणाली, “मी मोठी हाय. मी म्हणाया पायजे, माझं ऱ्हाऊ दे, बाकीच्या बायकांचं बघ. मघापास्नं म्हणून बघतिया.” आवाज मधेच विरून गेला, मग परत आला. “न्हाई येत गं तोंडातनं. मला जगायचंय.”

हेमलतानं अंगठा ठेवला. काच गार लागली. पडद्यावर सिंधूच्या नावापुढचं ब गेलं आणि अ आलं. इतकं सोपं होतं ते.

*

सिंधू वाचली. तिच्या पेशी शिकून परत आल्या आणि गाठ विरघळत गेली. आवाज मात्र पूर्वीचा आला नाही, कागद फाडल्यासारखा उरला. संक्रांतीला तिनं स्वतः तिळाच्या पोळ्या केल्या आणि सारणात गूळ कमी घातला म्हणून सारिकाला बोलली. सारिका मावशीला फोनवर म्हणाली, “बरं वाटतं हो बोलणी खायला.”

त्याच आठवड्यात हेमलता समितीपुढे उभी राहिली. कोश कुठे चुकला, का चुकला, सगळं मांडलं. मुजावरनं नकाशे दाखवले. सगळ्यांनी नीट ऐकलं, चहा आला, बिस्किटं आली. अध्यक्ष निवृत्त अधिकारी होते, फार सभ्य माणूस.

“मॅडम, तुमच्या भगिनींची तब्येत आता कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे.”

“आनंद आहे,” ते म्हणाले, आणि कुणीतरी खाली मान घालून हसलं. मग सर्वानुमते ठरलं की इतक्या यशस्वी योजनेबद्दल निव्वळ एका कौटुंबिक अनुभवावरून शंका घेणं बरं नव्हे. डॉक्टरांनी पुरावा आणावा. भाजणाऱ्या बायकांनी स्वतः येऊन सांगावं. समिती जरूर विचार करील.

हेमलताला वाटलं, एवढंच ना? बायकांना बोलतं करणं तर आपल्याला येतं.

निवृत्तीला काही महिने उरले होते. तिनं रजा टाकली, जुन्या गावांची वाट धरली. सिंधूही बरोबर निघाली. “तू डॉक्टरीण, तुला सांगनार न्हाईत. मला सांगतील,” असं तिचं म्हणणं. पहिल्या गावात सगळ्या बायकांनी चहा दिला. दुसऱ्या गावात सरबत दिलं. भाजतं कोण, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. तंबाखूचा नुसता उच्चार झाला की चेहऱ्यांवर पडदा पडायचा. चोंबडीच्या राज्यात तंबाखूशी नातं सांगायचं म्हणजे आपल्या हातानं ब लिहून घ्यायचं, हे आता शाळकरी पोरींनाही कळत होतं. पूर्वी बायका निदान हसून कबूल करायच्या. तेवढं हसूही हेमलतानंच काढून घेतलं होतं.

शेवटी त्या निंबगावला आल्या, कौसाच्या दारात. कौसाला पावसाळ्यापासून खोकला होता. चोंबडीनं तिला महिन्याभरापूर्वी ब दिला होता, फुफ्फुसातल्या गाठीचा. हाडं वर आलेली, वय चाळिशीचं. दार अर्धं उघडून ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. खिडकीला गोणपाट होतंच.

“कौसा,” हेमलता म्हणाली, “तू सासूबाईंसाठी मिसरी भाजतेस, एवढंच सांग. बाकी मी बघते. तुझ्यासारख्या शंभरजणींनी सांगितलं तर रांग बदलेल.”

“मिसरी?” कौसा म्हणाली. “ती काय असती?”

तिच्या बोटांची टोकं काळी होती. पाठीमागं चुलीवर तवा दिसत होता.

“मीबी भाजायची गं,” सिंधू पुढं झाली. “आठवतंय न्हवं, तुझ्या सासूची भाजायला मीच शिकीवलं तुला?”

कौसानं तिच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, भरल्या गालांकडे, नव्या चपलांकडे. “आक्का, तुमची रांग कंची?”

सिंधूनं चपलांतले पाय मागं घेतले.

“तुमची भन हाय,” कौसा म्हणाली, रागानं नाही, फार थकून. “माझी भन कोन हाय वो? मी बोलून बसायचं आन उद्या यंत्रानं माझ्या पोरीचंबी नाव घ्यायचं. आमच्यात कुनी भाजत न्हाई. जावा तुमी.”

आतून म्हातारीचा आवाज आला, “कौसे, करपल गं!” आणि कौसानं दार लावून घेतलं. कडी सरकली. खोकल्याची उबळ आली, थांबली, परत आली. मग तव्यावर उलथन्याचा खरखर आवाज सुरू झाला.

दाराखालून धूर यायला लागला. हेमलताला ठसका लागला, डोळे भरून आले, काही दिसेना. तिनं दारावर मूठ आपटली, पुन्हा आपटली. “कौसा! निदान खिडकी तरी उघड गं!”

कुणी उघडलं नाही.

सिंधूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, दंडाला धरून तिला अंगणात वाऱ्याच्या बाजूला नेलं, मोकळ्या हवेकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः सवयीनं तिच्या आणि त्या दाराच्या मधे उभी राहिली, धुराच्या बाजूला.